एक, दहा, दोन

दसरा झाला की आमच्या सासूबाईंना सीड्या आठवतात. वसईजवळ सांडोरला आमची वाडी आहे. केळीच्या पलीकडे पेरूची झाडं आहेत. पाऊस ओसरून ऊन तापायला लागलं की पेरू भरतात आणि पोपट येतात. त्यांना हाकलायला सासूबाई या झाडापासून त्या झाडापर्यंत सुतळी ओढतात आणि तिला जुन्या सीड्या बांधतात. वाऱ्यावर सीडी गरकन फिरते, उन्हाचा कवडसा पानांवरून पळतो, पोपट दचकतात. निदान सासूबाईंचं म्हणणं तसं आहे. माझ्या मते पोपटांना आता सगळं कळून चुकलंय. पण वाद घालण्यापेक्षा सुतळी बांधून होते लवकर, म्हणून मी बांधते.

"काय गो, भावानं यंदा सीड्या नाय धाडल्या?" या वर्षीही त्यांनी विचारलंच.

"आता सीड्या कुठे मिळतात, आई? लोकांनी कधीच भंगारात घातल्या."

"लोकांचं सोड. तुझ्या भावाकडं असतील. त्यानं काय कमी फुकट घालवल्या?"

हे मात्र खरं होतं.

मी वसईला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, काचपट्टी तपासायची, रिपोर्ट द्यायचा. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं तर आधी सुई हलत नाहीये ना ते पाहायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे ऋतू आला की मन भरून येणं वगैरे मला जमत नाही. पण हे आश्विनातलं ऊन, दमट, पाठीला चिकटणारं, आणि पहाटे मात्र अंगावर ओढायला काहीतरी शोधायला लावणारा गारवा, हे दोन्ही एकत्र आलं की मला तुळिंजचा माझ्या माहेरचा जुना फ्लॅट दिसतो. खिडकीशी ठेवलेला, पांढऱ्याचा पिवळा झालेला कम्प्युटर. त्याच्यासमोर बनियनवर बसलेला माझा भाऊ महेश. आणि आतल्या खोलीतून अण्णांचं खाकरणं.

महेश तेव्हा वालीवला एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होता. मोबाइल नुकते खिशात येऊ लागले होते आणि त्यांत गाणी नव्हती. महेशने सुटे भाग आणून कम्प्युटर जुळवला होता आणि त्यात सीडी रायटर बसवला होता. रायटर असलेला कम्प्युटर म्हणजे गल्लीत मोठी गोष्ट. साध्या सीडीत पंधरा-वीस गाणी मावायची. महेश एमपीथ्री करून दीडशे भरायचा. "एका सीडीत दीडशे!" हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलंय, की लोक देवळातल्या चमत्काराबद्दलही इतक्या विश्वासाने बोलत नसतील. हळदीला लावायला, पूजेला लावायला, रिक्षातल्या प्लेअरसाठी, कोणाच्या म्हाताऱ्या आजोबांसाठी, सगळे महेशकडे. तो मार्करने वर नाव घालायचा: 'हळद मिक्स', 'जुनी दर्दभरी', 'सावंत काकू स्पेशल'.

अडचण एकच. वीज. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असायचं आणि आश्विनात ते हमखास वाढायचं. सीडी लिहायला लावली आणि मध्येच वीज गेली की सीडी मेली. पुन्हा लिहिता येत नाही, पुसता येत नाही. महेश कपाळावर हात मारून ती बाजूच्या पिशवीत टाकायचा. पिशवी भरली की सांडोरला यायची. सासूबाईंना सुनेच्या माहेरच्या फराळापेक्षा ती पिशवी जास्त आवडायची.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "दीडशे गाणी मावतात कशी रे? गाणं तर तेवढंच लांब असतं."

"ताई, गाण्यात बरंच काही असं असतं की जे आपल्या कानाला कळतच नाही. मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज दबलेला असतो. ते काढून टाकायचं. गाणं हलकं होतं."

"मग ते मुळात असतंच कशाला?"

"ते मला काय माहीत? मी काढतो फक्त."

मला ही पद्धत तेव्हा फार आवडली होती. कळत नाही ते काढून टाकावं, सामान हलकं होतं. घरातही मी तेच करते.

अण्णा म्हणजे आमचे वडील. मुंबईच्या गोदीत कारकुनी केली, निवृत्त झाले, तुळिंजला फ्लॅट घेतला. आई लवकर गेली. अण्णांचं खरं काम नोकरीच्या आधी आणि नंतर असायचं, म्हणजे भजन. आमच्या गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं देऊळ आहे. अण्णा आले तेव्हा तिथे पत्र्याची शेड होती. अण्णांनी आणि त्यांच्याच रत्नागिरीकडच्या चार माणसांनी मंडळ काढलं, फरशी बसवली, कळस चढवला. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा. अंधारात आंघोळ करून माणसं देवळात जमायची. काकडा पेटवायचा, देवाला भूपाळी म्हणून उठवायचं, ओवाळायचं, गवळण म्हणायची, लोण्याचा प्रसाद, आणि मग तिथूनच सातची गाडी. अण्णा पुढे म्हणायचे, बाकीचे मागे ओढायचे. गळ्यात काही फार गोडवा होता असं नाही. पण आवाज भरदार होता, आणि हातातले टाळ घड्याळासारखे. पेटी वाजवणारे मोरेकाका म्हणायचे, "अण्णांचा सूर चुकला तर देव माफ करील, टाळ चुकला तर अण्णाच स्वतःला माफ करायचे नाहीत."

त्या वर्षी श्रावणापासून अण्णांचा आवाज बसला. आधी हळद-दूध झालं, मग ज्येष्ठमध, मग गुळण्या. भाद्रपदात मी त्यांना धरून नेलं. तपासणीसाठी घशातला तुकडा काढला. रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा होता, पण मला वाचता येत होता. रिक्षात अण्णांनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं. अशा गोष्टी गोल गोल सांगण्यात काही अर्थ नसतो. माणूस अर्थ लावत बसतो आणि जास्त घाबरतो. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.

"अजिबात?"

"अजिबात."

रिक्षा पुलावर थांबली होती. पुढे टेम्पो अडकला होता. अण्णा टेम्पोच्या मागच्या काथ्याच्या दोरीकडे पाहत राहिले. "ऑपरेशन कधी?"

"घट बसले की लगेच."

"कोजागिरीच्या आधी," ते म्हणाले. पुढचा टेम्पो हलला.

रेकॉर्ड करायची कल्पना महेशची. अण्णांना पटवायला तो मला घेऊन बसला.

"मशीन देवाला उठवणार?" अण्णांचा आवाज तोवर खरखरीत झाला होता. "मग नैवेद्यही मशीनलाच दाखवा."

"अण्णा, मंडळात पुढे म्हणणारं दुसरं कोण आहे? मोरेकाकांचा सूर तुम्हाला माहीत आहे."

"मोऱ्याने म्हटलं तर देव उठेल. पण उठून निघून जाईल."

मी मध्ये पडले. म्हटलं, डॉक्टरने अजून गाऊ नका असं सांगितलेलं नाही. जे आहे ते पंधरा दिवस आहे. म्हणायचं असेल तर म्हणा, नाहीतर नका म्हणू. कोजागिरीला देवळात तुमच्या जागी कोण, एवढाच प्रश्न आहे.

अण्णांनी बराच वेळ पंच्याची गाठ सोडली, बांधली. मग म्हणाले, "म्हणतो. पण ज्या वेळचं त्या वेळेला. भूपाळी दुपारी म्हणणार नाही."

महेशला तेवढंच हवं होतं. "मग सगळंच घेऊ या. पहाटेचं, दुपारच्या नैवेद्याचं, संध्याकाळची धूपारती, रात्रीची शेजारती. अख्खा दिवस. सीडीत जागा भरपूर आहे."

दहा गोष्टी ठरल्या. पहिली भूपाळी, शेवटची म्हणजे दहावी शेजारती. एकादशीच्या रात्री देवाला निजवताना म्हणतात ती.

ते पंधरा दिवस घर वेळापत्रकावर चाललं. एक वेळापत्रक देवाचं, एक भारनियमनाचं, आणि एक महेशच्या शिफ्टचं. मी लॅबमधून सुटून जमेल तेव्हा तुळिंजला जायची, दोन-तीन रात्री राहिलेही. पहाटे वीज असायची, म्हणून भूपाळ्या सुरळीत झाल्या. अण्णा आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, कम्प्युटरसमोर खुर्चीवर बसायचे आणि महेश त्यांच्या डोक्यावर तो कानावरचा माइक चढवायचा. बोलता बोलता चॅटिंग करायला पोरं वापरतात तो. अण्णा आरशात बघून म्हणाले, "विमान चालवायचंय की भजन म्हणायचंय?" पंखा बंद. खिडकी बंद. तरी खालून दूधवाल्याची सायकल, वरून कोणाचा तरी नळ. महेश बोटाने खूण करायचा आणि अण्णा सुरू करायचे. आवाज वरच्या पट्टीत फाटायचा. ते थांबून, पाणी पिऊन, खालच्या पट्टीत पुन्हा घ्यायचे. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी राहायची. कुकरची शिट्टी आली असती तर दोघांनी माझ्यावर ओरडायची संधी सोडली नसती.

धूपारतीची वेळ आणि वीज जायची वेळ नेमकी एक होती. अण्णा वेळ बदलायला तयार नव्हते. महेशने यूपीएस लावला. वीज जाताच तो यूपीएस टूं-टूं करायला लागला आणि तो शेवटपर्यंत थांबला नाही. अंधार, देवासमोरचं निरांजन, कम्प्युटरच्या पडद्याचा निळा उजेड, अण्णांची धूपारती आणि तालात मुळीच न बसणारं ते टूं-टूं. अण्णा संपवून म्हणाले, "हा कोण नवीन टाळकरी? शिकव त्याला जरा." आम्ही तिघंही हसलो. त्या पंधरा दिवसांत घरात जितकं हसणं झालं तितकं पूर्वी झाल्याचं मला आठवत नाही. हे का, त्याचा मी विचार केलेला नाही.

पहिल्या चार-पाच गोष्टी झाल्यावर महेशने त्यांना ऐकवल्या. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "माझे टाळ कुठे गेले?"

होते. पण पाण्यात बुडाल्यासारखे. झण् असं वाजून हवेत जी झणझण राहते ती नव्हती. त्याऐवजी काहीतरी फसफसत होतं, सोडा ओतल्यासारखं. महेश खजील झाला. कम्प्युटरमध्ये जागा कमी म्हणून त्याने सगळं थेट एमपीथ्रीतच घेतलं होतं, तेही अगदी दाबून. मशीनला वाटलं, हे कानाला कळत नाही. काढून टाकलं.

"पुन्हा घेऊ या," महेश म्हणाला.

"आता पुन्हा कुठलं?" अण्णा म्हणाले. खरंच नव्हतं. पहिल्या दिवशीची भूपाळी चौथ्या दिवशी त्यांना म्हणता आली नसती.

शेजारती शेवटी ठेवली होती. हॉस्पिटलात जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही लवकर जेवलो. अण्णांनी पेज घेतली. माइक चढवला. शेजारती हळूच म्हणायची असते, त्यामुळे आवाज कमी पडला ते कळलं नाही. अर्ध्यावर एक ओळ नुसती श्वासाची झाली. शब्द होते, सूर नव्हता. महेशने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, थांबवू नकोस. अण्णांनी टाळ खाली ठेवले होते. मांडीवर बोटांनी ताल धरून त्यांनी ती पूर्ण केली, मग माइक काढला, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "सकाळी किती वाजता निघायचं?"

एवढंच. पुढे हॉस्पिटलात दोन-चार शब्द बोलले असतील, कागदपत्रांपुरते. पण म्हटलेलं असं शेवटचं तेच.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला खाली भोक, त्यात नळी. श्वास तिथून. मी ड्रेसिंग करायची, नळी साफ करायची, महेशलाही शिकवलं. तो आधी तोंड फिरवायचा, मग सरावला. कोजागिरीच्या आदल्या दिवशी अण्णा घरी आले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. अण्णांनी पहाटे आंघोळ केली, धोतर नेसलं, गळ्याभोवती पातळ उपरणं गुंडाळलं आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, गार वारा आहे. त्यांनी दाराची कडी काढली. मी चपला घातल्या.

देवळात मंडळी जमली होती. काकडा पेटला होता. महेशने सीडी प्लेअर मंडळाच्या स्पीकरला जोडला होता. मोरेकाकांनी अण्णांना पाहिलं आणि पेटी सोडून उठले. अण्णांनी हातानेच 'बसा' केलं आणि खांबाशी आपल्या जागी बसले.

महेशने बटण दाबलं. अण्णांची भूपाळी सुरू झाली.

अण्णा समोर गप्प बसलेले आणि त्यांचा आवाज वरून, दोन्ही कोपऱ्यांतून. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मी अण्णांची नळी पाहत होते, कारण रडू आलं की ती भरते. अण्णा रडत नव्हते. ऐकत होते, जसं दुसऱ्या मंडळाचं भजन ऐकतात तसं, कुठे चुकतंय का ते.

भूपाळी संपली. देव उठला. सगळे पुढच्या भूपाळीसाठी सावरून बसले आणि स्पीकरमधून शेजारती सुरू झाली.

आधी कोणाला कळलंच नाही. मग मोरेकाका मोठ्याने म्हणाले, "अरे मेल्या महेश, आत्ता उठवला ना देवाला? लगेच झोपवतोस काय?"

कोणीतरी खुसकन हसलं. कोणीतरी श्श केलं. महेश कम्प्युटरवर सगळं तपासून आला होता आणि घरी ते एक, दोन, तीन असंच वाजत होतं. पण त्याने गाण्यांना नुसते आकडे दिले होते. घरचा कम्प्युटर हुशार होता, तो आकडे मोजायचा. देवळातला स्वस्तातला प्लेअर आकडे मोजत नव्हता. पहिलं चिन्ह बघून रांग लावत होता. एकच्या मागे दहा, कारण दोन्हींची सुरुवात एकनेच. मग दोन. महेश म्हणे, शून्य लावून शून्य-एक, शून्य-दोन लिहायचं असतं. ते त्या दिवशी त्याला माहीत नव्हतं. तो गडबडीने प्लेअरकडे धावला.

अण्णांनी हात वर केला.

महेश तिथेच थांबला. सगळेच थांबले. काकडा तडतडत होता आणि शेजारती चालू होती. मधली ती श्वासाची ओळ आली. घरी ती मी ऐकली होती, पण देवळाच्या स्पीकरमधून ती इतकी मोठी येईल असं वाटलं नव्हतं. हसणारे गप्प झाले. आवाज पुन्हा सापडला, शेजारती संपली. अण्णांनी महेशला खूण केली: बंद कर.

मग त्यांनी पिशवीतून टाळ काढले. उपरणं सावरलं. दुसऱ्या भूपाळीचा ठेका धरला आणि मोरेकाकांकडे पाहिलं.

मोरेकाका म्हणाले, "अण्णा, मी? मला नाय जमणार हो."

टाळ थांबले नाहीत. अण्णा नुसते बघत राहिले. त्या बघण्यात काय होतं ते मोरेकाकांना माहीत. त्यांनी पेटी ओढली आणि सुरुवात केली. सूर खालीच लागला. पण ठेका इतका पक्का होता की मागच्यांना पडायला जागा नव्हती. एकेक करून सगळे लागले. बायकाही. उजाडेपर्यंत काकडा पार पडला, कसाबसा, पण पडला. आवाज मशीनमध्ये राहिला होता आणि टाळ मशीनला पकडता आले नव्हते. अण्णांकडे आता नेमकं उलटं होतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी नळी भरली नाही ना एवढंच पाहत होते.

महेशने त्याच दिवशी आकडे सुधारून नवी सीडी केली. अण्णांनी ती देवळात लावू दिली नाही. त्यानंतर तीन कार्तिक त्यांनी पहाटे टाळ धरले. मोरेकाका पुढे म्हणायला शिकले, अगदी गोड नाही, पण लोक सवयीने ऐकू लागले. मग एका फाल्गुनात अण्णा गेले. मंडळ आणखी काही वर्षं चाललं. आता त्या देवळात पहाटे कोणीतरी फोनवरून स्पीकर लावतं. सूर चांगला असतो.

नवी सीडी महेशने जपून ठेवली होती. अण्णांच्या वर्षश्राद्धाला तिच्यावर अण्णांचा फोटो छापलेलं स्टिकर चिकटवलं, प्लास्टिकच्या डबीत घालून देवघरातच ठेवली. जुनीवर मार्करने 'चुकीची' लिहून ती पिशवीत टाकली. कम्प्युटरमधलं सगळं एकदा वीज परत येताना झटका बसून गेलंच होतं. ते गेलं तेव्हा महेश म्हणाला होता, सीडी आहे ना. मीही म्हटलं होतं, आहे ना.

या दसऱ्याला महेशची इमारत पाडायला निघाली. सामान आवरताना त्याला ती जुनी पिशवी सापडली आणि सासूबाईंचं बोलणं आठवून तो ती सांडोरला घेऊन आला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" सासूबाई मला म्हणाल्या. महेशला म्हणाल्या, "बस रे बाबा. पोपटांनी आमचा जीव खाल्लाय."

मी सुतळी आणि कात्री घेऊन ओट्यावर बसले. 'हळद मिक्स', 'सावंत काकू स्पेशल', कोऱ्या, मेलेल्या. मध्ये 'चुकीची' आली. भोकातून सुतळी ओवली होती. महेशने माझ्या हातातून घेतली. "ताई, ही नको." मग जरा वेळाने, "देवघरातली आहेच म्हणा."

देवघरातली तो सामानात बरोबर घेऊन आला होता. आमच्या घरी आता सीडी वाजवणारं काहीच नाही. लॅबमध्ये एक जुना कम्प्युटर आहे, रक्ताच्या मशीनला जोडलेला. त्याला अजून सीडीचा कप्पा आहे. दुपारी पेशंट गेल्यावर आम्ही दोघं गेलो.

आधी फोटोवाली लावली. कप्प्यातून दळण दळल्यासारखा आवाज आला आणि काहीच आलं नाही. बाहेर काढून उजेडात धरली. स्टिकरच्या डिंकाने मागची चांदी ओढून घेतली होती. अण्णांच्या चेहऱ्याच्या आकाराचं आरपार दिसत होतं. महेश ती उलटी-सुलटी करत राहिला. "चांगली दिसावी म्हणून लावलं होतं गं."

मी 'चुकीची' पुसून आत घातली. हिचीही कड गेली होती. वसईची दमट, खारट हवा कडेने आत शिरते. चांदी बाहेरून सोलत येते. मधला पट्टा तेवढा लखलखीत होता. कप्पा फिरला, अडखळला, पुन्हा फिरला, आणि भूपाळी सुरू झाली. खाली दूधवाल्याची सायकल होती. टाळ फसफसत होते. मग शेजारती. श्वासाची ओळ. पूर्ण.

मग यंत्र तिसरं शोधायला लागलं. घर्र, घर्र. आत जाऊन पाहतंय, बाहेर येतंय, पुन्हा जातंय. यूपीएसचं टूं-टूं पुढे कुठेतरी होतं. ते आलं नाही. बाकीचं काहीच आलं नाही.

"ताई," महेश म्हणाला, "सीडी आतून बाहेर लिहितात. पहिलं मधे, शेवटचं कडेला. रायटरनेही तेव्हा एकच्या मागे दहाच लिहिलं होतं. मी नीट केली असती ना, तर शेजारती कडेला गेली असती."

मी म्हटलं, "हो."

"गेली असती, ताई."

"कळलं मला. रुमाल घे."

त्याने नाक पुसलं आणि दोन्ही गाणी पेनड्राइव्हवर घेतली, तिथून माझ्या फोनवर, त्याच्या फोनवर. नावं घालायला बसला. मी मशीनची नळी धुवायला घेतली. संध्याकाळचे पेशंट यायची वेळ झाली होती. परत येऊन पाहिलं तर त्याने एकाला शून्य-एक दिलं होतं. दुसऱ्याला शून्य-दोन द्यायला हवं होतं. दोनच तर गाणी आहेत.

त्याने दहा लिहिलं होतं.

मी काही बदललं नाही. मधले आकडे तसेच रिकामे आहेत.